गोधडीची गाठ पोटात कशी घालायची

कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचून ठेवल्या, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या गावांत दुपारी सपरीत, म्हणजे ओसरीत, गोधड्या पसरतात. जुनी लुगडी, पातळं, धोतरं, विरलेल्या चादरी, सगळं धुऊन, वाळवून एकावर एक अंथरायचं आणि चारी बाजूंनी बायका बसायच्या. काम मिरगाच्या आत उरकावं लागतं. एकदा पेरणी लागली, मग निंदण आणि डवरण आलं, की सुई हातात धरायला सवड कुणाला?

नव्याने शिवायला बसणाऱ्या मुली मला टाका केवढा घ्यायचा ते विचारतात, ओळी किती अंतरावर, ठिगळं कशी लावायची तेही विचारतात. गाठीबद्दल कुणी विचारत नाही. गाठ काय, ती तर येतेच. मलाही असंच वाटायचं.

लग्न होऊन आले तेव्हा पहिली गोधडी शिवायला बसले. आमच्या आजेसासूबाई, सगळं घर त्यांना माय म्हणायचं, बाजेवरून बघत होत्या. मी दोऱ्याच्या टोकाला दोनदा गाठ मारली, वर अजून एक मारली आणि मोठ्या विश्वासाने सुई खुपसली. माय म्हणाल्या, "पाय वं पोरी, हे गाठ हाये का सरकी?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण सोडलं नाही. त्या गोधडीत अशा पन्नासेक सरक्या तरी पेरल्या असतील, सगळ्या वरच्या बाजूला.

पुढच्याच वर्षी तीच गोधडी मुलाच्या अंगाखाली घातली. तीन महिन्यांचा होता. एका सकाळी तेल लावताना बघते तर पायाची करंगळी लालभडक आणि सुजलेली. गोधडीतून निघालेल्या दोऱ्याचा फास त्या इवल्याशा बोटाला बसला होता आणि लाथा झाडून झाडून रुतला होता. मायने सुईचं बोथट टोक, म्हणजे नेढ्याकडची बाजू, फासाखाली सारली, दोरा जरा उचलला आणि मी कात्रीच्या टोकाने तोडला. बोट दुपारपर्यंत पूर्ववत झालं. तेवढ्या वेळात मी काय काय विचार केले ते सांगत नाही. संध्याकाळी मायने मला समोर बसवलं आणि दोऱ्याच्या टोकापासून पुन्हा शिकवलं. पुढे जे सांगते आहे ते बहुतेक त्यांचंच आहे, थोडं मी नंतर चुकतमाकत जमवलेलं.

दोरा हातभर

हातभर म्हणजे खरोखर हातभर. मधल्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. बाईमाणसाचा हात साधारण १७-१८ इंच भरतो आणि बारीक टाक्यांना तेवढाच दोरा पुरे. गोधडीच्या लांब धावदोऱ्याला दीड हात घेतला तरी चालेल, त्याहून जास्त नको. पुन्हा पुन्हा सुई ओवायचा कंटाळा म्हणून नवीन मुली दोन-दोन वाव दोरा घेतात. तो दर टाक्याला कापडातून घासत जातो, नेढ्याजवळ झिजतो, आणि नको तिथे आपोआप गाठी पडतात. त्या सोडवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात चारदा सुई ओवून होते.

दोरा सुती घ्या. जुनं लुगडं मऊ झालेलं असतं. त्यात पॉलिस्टरचा ताणदार दोरा घातला की कालांतराने दोरा शाबूत राहतो आणि कापड चिरतं. शिवाय तो निसरडा असतो, गाठ धरत नाही. घरात तोच असेल तर वापरा, पण सुईवर एक वेढा जास्त द्या. वेढ्यांचं पुढे येतंच.

दोऱ्याला मेण लावायचं. मधाच्या पोळ्याचं मिळालं तर उत्तम, नाहीतर मेणबत्तीचा तुकडा. अंगठ्याने दोरा मेणावर दाबून एकदाच ओढायचा, मग दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जास्तीचं मेण पुसून काढायचं. याने दोऱ्याचे सुटे तंतू बसतात आणि गाठ जिथे आवळली तिथेच राहते.

पिळाचंही सांगते, कारण अर्धा गुंता त्यानेच होतो. माझं माहेर आर्वीकडचं. शाळेत असताना आम्हाला वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नेलं होतं, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं ते. तिथले चरखे बघून आल्यावर आमच्या बाईंनी वर्गात पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, सूत काढून दाखवलं आणि मग तेच सूत बोटांत धरून उलटं फिरवलं. बघता बघता त्याचा परत कापूस झाला. सुताला धरून ठेवतो तो फक्त पीळ. शिवताना आपण सुई बोटांत नकळत फिरवत असतो, म्हणून पीळ कुठे जास्त होतो, कुठे सैल पडतो, आणि जास्त झालेला पीळ दोऱ्याला वळ्या पाडतो. उपाय सोपा आहे. दहा-बारा टाक्यांनंतर सुई सोडून द्या, लोंबकळू द्या. ती गरगर फिरेल आणि आपसूक थांबेल. मग पुढे शिवा.

रिळावरून दोरा तोडला की जे टोक कात्रीपाशी सुटलं त्याला गाठ मारा आणि जे आधीपासून मोकळं होतं ते नेढ्यात ओवा. याबद्दल बायकांची दोन मतं आहेत. मी असंच करते, माझा दोरा कमी गुंततो.

सुरुवातीची गाठ: सुईवर

जुनी पद्धत बोटावरची. ओलं बोट, त्याभोवती दोरा, अंगठ्याने चोळला, ओढला, झाली गाठ. झटपट होते, पण दर वेळी वेगळी होते. कधी मोहरी, कधी तूर. कच्चे टाके घालायचे असतील, म्हणजे थर सरकू नयेत म्हणून नंतर उसवायचे टाके, तर तीच घाला. पक्क्या शिवणाला सुईवरची गाठ.

सुई ओवून घ्या. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात सुई उभी धरा, टोक वर, नेढं खाली. आता दोऱ्याचं मोकळं टोक डाव्या हाताने आणा आणि सुईला चिकटवून ठेवा, टोकाचं तोंड नेढ्याकडे. म्हणजे दोऱ्याचा एक मोठा वळसा झाला: नेढ्यातून निघाला, फिरून आला आणि त्याचं शेपूट सुईला समांतर बसलं. शेपूट अर्ध्या बोटाइतकं चिमटीत येऊ द्या आणि सुई व शेपूट दोन्ही घट्ट दाबून धरा. इथे चिमट सैल पडली की पुढचं सगळं फुकट.

आता शेपटाच्या लगतचा दोरा डाव्या हाताने धरून सुईच्या टोकाकडच्या भागावर वेढे द्या. तीन. वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत, चढले नको. मोटेच्या चाकावर दोर नीट बसतो तसे. मोट आता कुणी बघितलेली नसेल, तर बांगड्या हातात बसतात तसे म्हणा.

वेढे खाली सरकवून चिमटीत घ्या. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये आता सुई, शेपूट आणि तीन वेढे एकत्र दाबलेले आहेत. डाव्या हाताने सुईचं टोक धरा आणि सुई वर ओढून घ्या. उजवी चिमट सोडायची नाही. सुई निघेल, मग नेढं आणि त्यातला दुहेरी दोरा निघेल, मग सगळा दोरा सळसळत चिमटीतून जाईल. हातभर दोरा आहे, ओढत राहा. शेवटी चिमटीत काहीतरी टचकन आवळल्यासारखं लागेल. आता बोटं उघडा. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, गोल, बरोबर टोकाजवळ बसलेली गाठ दिसेल. शेपूट गव्हाच्या दाण्याहून लांब असेल तर तेवढं ठेवून बाकीचं कापा.

डावखुऱ्या असाल तर हात उलटे करा, बाकी सगळं तेच.

पहिल्या दहा गाठी बिघडतील. वळसा मध्येच अडकून एक लांबट फास तयार होतो, तो चिमट लवकर सुटल्यामुळे. गाठ टोकापासून दूर पडली तर शेपूट सुरुवातीलाच लांब घेतलं गेलं. जुन्या परकराच्या तुकड्याचे दोन थर घ्या आणि आधी वीस गाठी त्यावर मारून बघा.

वेढे किती याला ठरलेला नियम नाही, कापड बघा. दाट विणीच्या नव्या कापडाला दोन पुरतात. नेहमीच्या वापरलेल्या चादरीला तीन. विरलेल्या पातळाला चार, कारण त्याच्या विणीतून तीन वेढ्यांची गाठ सरळ निसटून जाते. दुहेरी दोऱ्याने शिवत असाल तर दोन्ही टोकं एकत्र धरून दोनच वेढे द्या, दोरा आधीच जाड असतो.

गाठ आत घालणे

सगळी करामत इथे आहे. बाहेर ठेवलेली गाठ झोपणाऱ्याच्या अंगाला टोचते, धुताना दगडावर घासली जाते, आणि झिजून सुटली की माझ्या मुलाच्या करंगळीसारखं होतं. म्हणून ती थरांच्या मध्ये गेली पाहिजे. माय म्हणायच्या, "गाठ पोटात घाल, बाई." चूक पोटात घालतात तशीच.

जिथून टाका सुरू करायचा तिथून इंचभर लांब, म्हणजे अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढ्या अंतरावर, सुई वरच्या थरात खुपसा. खालच्या कापडातून आरपार काढायची नाही. सुई आडवी करून थरांच्या मधून सरकवत न्या आणि ठरलेल्या जागी वर काढा. दोरा हळूहळू ओढा. गाठ कापडाला येऊन टेकेल आणि थांबेल.

आता डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख गाठीशेजारी ठेवून कापड किंचित ताणून धरा आणि उजव्या हाताने दोऱ्याला छोटा हिसका द्या. सगळा हात हलवायचा नाही, फक्त मनगट. दाट कापडात 'टक्' असा बारीक आवाज येतो. गाठ आत गेली. वर राहिलेल्या बारीक छिद्रावरून नख दोनदा फिरवा, धागे परत जागेवर येतात आणि छिद्र बुजतं.

गेली नाही तर जोर लावू नका. दोरा तुटेल किंवा कापड फाटेल. सुईच्या टोकाने गाठीखालची वीण जराशी मोकळी करा आणि पुन्हा हिसका द्या. उलट, गाठ आत जाऊन थेट दुसरीकडून बाहेर आली, तर गाठ लहान आहे किंवा हिसका मोठा. पुन्हा गाठ मारा, एक वेढा वाढवून.

गोधडीला चार-सहा थर असतात आणि सगळ्यात वरचा बहुतेक वेळा सगळ्यात सुंदर पण सगळ्यात जीर्ण असतो, आजीच्या लुगड्याचा. नुसत्या त्याच्या खाली गाठ ठेवली तर पहिल्या धुण्यात ती परत वर येईल. म्हणून मी सुई दोन थर खोल नेते. गाठ वरच्या थरातून आत जाते आणि दुसऱ्या, जरा दणकट थराच्या खाली अडकते. त्यासाठी वरचा दुसरा थर मुद्दाम मजबूत धोतराचा घालते. हे थर लावतानाच ठरवायला हवं, नंतर आठवून उपयोग नाही.

गाठ आत गेली की पहिला टाका उलटा घ्या: एक पाऊल मागे सुई घाला आणि पुढे काढा. मग नेहमीचा धावदोरा. या एका उलट्या टाक्यामुळे ओढ गाठीवर न येता कापडावर येते.

ठिगळाच्या कडेचं मात्र वेगळं. तिथे कापड दुमडलेलं असतं, गाठ त्या दुमडीच्या आतच ठेवून द्या, हिसक्याची गरज नाही. आपल्या वऱ्हाडाला ठिगळांचं काही कमीपण वाटू नये खरं तर. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना त्यांच्या ठिगळांच्या कपड्यांवरूनच लोक गोधडे महाराज म्हणायचे.

दोरा संपला तेव्हा

वीतभर दोरा उरला की थांबा. अगदी शेवटच्या बोटभरापर्यंत शिवत गेलात तर गाठ मारायला सुई फिरणार नाही आणि शेवटी नखाने, दाताने काहीतरी करावं लागेल.

शेवटची गाठ कापडाला चिकटून मारायची नाही. नव्या मुली इथेच चुकतात. चिकटून मारली तर आत घालायला दोराच उरत नाही, ती कायम वरच बसते. कापडापासून ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर सोडायचं.

ते असं. दोरा जिथून वर आला आहे तिथे सुई कापडावर आडवी ठेवा, टोक कापडातून निघालेल्या दोऱ्यापाशी. त्या दोऱ्याचे सुईवर दोन वेढे द्या. वेढ्यांवर डाव्या अंगठ्याचं नख ठेवा आणि सुई सावकाश ओढा. गाठ आवळत येईल. पूर्ण आवळण्याआधी तिच्यात सुईचं टोक घाला आणि त्या टोकाने तिला हवी तिथे सरकवा, वर किंवा खाली. जागेवर आली की सुई काढून घ्या आणि दोरा ओढा.

आता जिथे पुढचा टाका पडला असता तिथेच सुई खुपसा, थरांच्या मधून इंचभर न्या आणि वर काढा. ओढा, गाठ टेकली की हिसका, टक्. वर आलेलं शेपूट जरा ताणून धरा आणि कापडालगत कात्रीने कापा. ताण सुटला की टोक आपोआप आत जातं, शोधून सापडत नाही. कात्री आडवी धरा. उभी धरून मी एकदा नव्याकोऱ्या गोधडीला, दुसऱ्यांच्या, भोक पाडलं आणि त्यावर एक बिनकामाचं फूल शिवून दिलं. त्यांनी फुलाचं कौतुक केलं.

शेजारशेजारच्या ओळींचे दोरे एकाच रेषेत संपवू नका. दोरा सगळीकडे सारख्याच मापाचा घेतला की असं होतंच. सगळ्या गाठी एका पट्ट्यात आल्या की गोधडी तिथेच घडी धरते आणि तिथेच विरते. एखादा दोरा मुद्दाम चार बोटं आधी संपवा.

मध्येच दोरा तुटला तर? विणकर तुटलेलं सूत गाठीने जोडतात, तशी बारीक गाठ येत असेल तर जोडता येईल. पण गोधडीत ती जोडगाठ प्रत्येक टाक्याला सहा थरांतून खेचावी लागते. त्यापेक्षा शेवटचे दोन-तीन टाके उसवा, सुटलेलं टोक सुईत ओवून वर सांगितल्यासारखं आत घाला आणि नवा दोरा घ्या.

आपोआप पडलेली गाठ

शिवताना दोरा एकदम अडतो आणि बघतो तर मध्येच गाठ. इथे हात आपोआप जोरात ओढतो, तोच आवरायचा. बहुतेक वेळा ती खरी गाठ नसते, सरगाठ असते, फासाची. ओढली की निरगाठ होते. दोरा सैल सोडा, सुईचं टोक फासात घाला, हलकेच उचला, आणि कापडाकडच्या दोऱ्याला दोन बोटांनी जरा ढील द्या. दहापैकी आठ सुटतात. उरलेल्या दोनसाठी कात्री आहे, त्यात कमीपणा नाही.

रुईची रजई असेल तर

घरच्या कापसाची पिंजून घेतलेली रुई भरून रजई करतात तिला सलग ओळी घालणं जड जातं. तिथे गाठीच बांधतात आणि त्या वरच दिसायच्या असतात. लांब सुई वरून खाली, पाव इंचावरून परत वर, दोन्ही शेपटं वर. मग निरगाठ: उजवं शेपूट डाव्यावरून, नंतर डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलं तर गाठ तिरकी बसते आणि काही दिवसांत सरकून सुटते. बरोबर बसलेली गाठ सपाट दिसते, दोन्ही शेपटं आलेल्या दोऱ्याच्या दिशेनेच पडतात. चार-पाच बोटांवर एकेक गाठ हवी, नाहीतर रुई गोळा होते आणि मधे नुसतं कापड उरतं. शेपटं इंचभर ठेवा. लहान बाळाच्या अंगावर अशी रजई मी घालत नाही, बाळाला धावदोऱ्याची गोधडीच.

पहिलं धुणं

गोधडी झाली की वापरण्याआधी एकदा धुवाच. साध्या पाण्यात, न आपटता, दाबून दाबून. खाटेवर आडवी टाकून वाळवा. दोरीवर लोंबकळत टाकली तर पाण्याचं सगळं वजन टाक्यांवर येतं. वाळली की डोळे मिटून तळहात फिरवा, आधी वरून, मग खालून. डोळ्याला न दिसणारी गाठ हाताला लागते. जिथे टोचलं तिथे खडूने खूण करा.

वर आलेली गाठ कापू नका, कापली की ओळ उसवायला लागते. तिचं शेपूट सुईत जाण्याएवढं लांब असेल तर ओवा आणि आत घाला. आखूड असेल तर युक्ती आहे: सुई आधी गाठीशेजारी कापडात अर्धी खुपसा, नेढं वर राहू द्या, मग त्या नेढ्यात आखूड शेपूट ओवा आणि सुई पुढे ढकला. अंगुस्तान घालून ढकला, सहा थर आहेत.

आणि उठण्याआधी सुया मोजा. बसताना जेवढ्या घेतल्या तेवढ्या डबीत परत गेल्या पाहिजेत. एक कमी भरली तर गोधडीची घडी घालायची नाही, सापडेपर्यंत कुणी तिच्यावर बसायचं नाही. आमच्या घरी जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक याच कामासाठी खुंटीला टांगलेलं असतं.